एका कागदावर दोन नावे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शहापूर तालुक्यातील एका आश्रमशाळेत चित्रकला स्पर्धा भरली होती आणि परीक्षक म्हणून जे तिघे बसले होते त्यांत आम्ही एक होतो. स्पर्धेमागील हेतू निर्मळ होता. आदिवासी पाड्यांवरील मुलांना कलेची गोडी लागावी, वस्तुसंग्रहालय म्हणजे काय हे त्यांना कळावे, या इच्छेने काही मंडळी एकत्र आली होती. पहिल्या दहा मुलांना मुंबईस नेऊन तेथील वस्तुसंग्रहालय दाखवायचे, असे बक्षीस ठरले होते. आदल्या रात्री मुलांना नीट झोप लागली नसावी. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा सगळी मुले तेल लावून, भांग पाडून, सतरंजीवर रांगेने बसली होती.

विषय होता 'माझ्या घरचा सण'. सातवीतील दोन वारली मुलींनी एकाच कागदावर लग्नाचा चौक काढला. दोघी कागदाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि मधूनमधून हलक्या आवाजात काही गुणगुणत होत्या. चौकाच्या कडांची नक्षी एकीने सुरू करावी आणि दुसरीने पुढे न्यावी. कोणाची रेघ कोठे संपली हे शोधूनही सापडू नये. खाली कोपऱ्यात त्यांनी दोघींची नावे लिहिली होती. त्या शंभरभर कागदांत त्याच्या तोडीचा दुसरा कागद नव्हता, हे आम्हा तिघांनाही दिसत होते. परंतु स्पर्धेचा नियम क्रमांक तीन असा होता की, एका कागदावर एकाच विद्यार्थ्याने चित्र काढावे. गुण द्यायचे तर कोणाला? क्रमांक आला तर मुंबईच्या गाडीत एक जागा वाढवायची कशी? बरीच चर्चा झाली. शेवटी आम्हीच म्हणालो, "नियम तो नियम." आणि लाल पेन्सिलीने त्या कागदावर 'अपात्र' असा शेरा आमच्याच हाताने लिहिला गेला.

निकाल लागल्यावर त्या मुलींना जवळ बोलावून आम्ही नियम समजावून सांगू लागलो. त्यांतील थोरली खाली मान घालून एवढेच म्हणाली, "सर, चौक एकटीनं नाय काढत." मुलांच्या भाबडेपणावर मोठ्यांनी हसावे तसे आम्ही हसलो. दहा मुले मुंबईस गेली. त्या दोघी गेल्या नाहीत.

त्या दिवशी आमच्या मनाला काही टोचले, असे म्हणणे खोटे ठरेल. टोचले ते पुष्कळ नंतर. कलासंग्रहालयाकडे लोकांना वळवण्यासाठी स्पर्धा, मेळावे, सहली, प्रदर्शने भरवावीत की नाहीत, हा प्रश्न वरकरणी व्यवस्थेचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू मुळात सर्वांची आहे, ती एखाद्याला बक्षीस म्हणून देता येते काय? आणि देता येत असेल, तर उरलेल्यांना आपण नेमके काय सांगितले?

प्रथम स्पर्धेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्पर्धा आणि समारंभ यांना नाक मुरडणारा एक सुसंस्कृत वर्ग आपल्यात आहे. कलेला शांतता हवी, मूर्तीपुढे उभे राहावे ते मौनाने, ढोलताशे आणि ढाली-करंडक हे बाजाराचे काम, असे त्या वर्गाचे म्हणणे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याला त्या शांततेपर्यंत पोहोचण्याची वाटच माहीत नाही, त्याने काय करावे? शहापूरच्या माणसाला आसनगावला लोकलमध्ये बसून सुमारे दोन तासांचा प्रवास करावा लागतो. मुरबाडच्या माणसाला तर आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. एवढे करून तो मुंबईत उतरला, तरी दगडी कमानी आणि गणवेशातील पहारेकरी पाहिल्यावर, हे आपल्यासाठी नाही, असे त्याला वाटते. त्याला कोणी अडवलेले नसते, तरीही तो दारातून परत फिरतो. अशा माणसाला कोणीतरी हाक मारावी लागते. स्पर्धा ही अशी एक हाक आहे.

मुंबईतील सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय भायखळ्याला, राणीच्या बागेलगत उभे आहे. त्याची स्थापना १८५७ सालची आणि आजची इमारत लोकांसाठी खुली झाली ती १८७२ साली. १९७५ साली त्याला ज्यांचे नाव देण्यात आले ते डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, सामान्य परिस्थितीतून वर आलेले. पुढे ते नामांकित वैद्य झाले, अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे पंडित झाले आणि या संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटले. तरुणपणी त्यांचे नाव लोकांपुढे आले ते मात्र एका निबंधस्पर्धेमुळे. काठेवाड आणि कच्छ या भागांतील बालिकाहत्येच्या भयंकर प्रथेवर त्यांनी निबंध लिहिला आणि त्यास पारितोषिक मिळाले. स्पर्धा सत्याच्या सेवेसही लागू शकते, याचे याहून चांगले उदाहरण कोठे शोधावे? एका गरीब घरातील मुलाला त्या स्पर्धेने आवाज दिला आणि ज्यांना आवाज नव्हता अशा अर्भकांची बाजू त्या आवाजाने मांडली.

समारंभांचेही तसेच आहे. सातारा जिल्ह्यात औंध नावाचे लहानसे गाव आहे. पूर्वी ते संस्थान होते. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेल्या चित्रांसाठी आणि शिल्पांसाठी १९३८ साली संग्रहालय उभारले गेले, ते मूळपीठ यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर. यात्रेला येणारा शेतकरी नारळ घेऊन चढता चढता राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या दारावरूनच जातो. लोक जेथे आधीच श्रद्धेने येतात, तेथे कला नेऊन ठेवावी, हा विचार आजच्या कित्येक योजनांहून अधिक खोल आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्ये प्रदर्शन मांडून ती बस शाळाशाळांच्या दारी आणि शहराबाहेरील गावांकडे धाडण्यास आरंभ केला. १९२२ साली लोकांसाठी खुले झालेल्या त्या भव्य वास्तूने, जवळजवळ शतकभर लोकांची वाट पाहिल्यानंतर, आपणच उठून लोकांकडे जावे, हे आम्हांला फार शुभ वाटते. मेंढपाळाने कळपाची वाट पाहत बसायचे नसते.

व्हॅटिकनमधील जगप्रसिद्ध संग्रहालये आपला प्रारंभ मानतात तोही एका गाजलेल्या घटनेपासून. १५०६ सालच्या जानेवारीत रोम येथील एका द्राक्षमळ्यात लाओकूनचे प्राचीन शिल्प मातीखाली सापडले. पोप दुसरे ज्युलियस यांनी ते विकत घेतले आणि महिनाभरातच व्हॅटिकनमध्ये लोकांना पाहण्यासाठी मांडले. त्या संग्रहाचे मूळ असे शेतात आहे.

म्हणजे स्पर्धा नको, समारंभ नको, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या धर्मग्रामांतून नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा असते, ताऱ्यांची असते, नाताळगीतांची असते. डिसेंबरच्या थंडीत पोरे रात्र रात्र जागून गवत, माती, बांबू आणि जुनी पोती गोळा करतात. एरवी मिस्सेला मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे पाहणारा मुलगा बेथलेहेमच्या गुहेचे छप्पर कसे असेल याचा विचार करू लागतो. हे स्पर्धेचे देणे आहे. परंतु निकालाच्या रात्री काय होते, तेही आपण जाणतो. परीक्षकांनी अमक्या आळीला झुकते माप दिले, तमक्यांनी विजेची रोषणाई विकत आणली, अशी कुजबुज सुरू होते, आणि ज्या बाळाला जागा मिळाली नाही म्हणून तो गोठा उभारला, त्याच्या नावाने दोन आळ्या एकमेकींशी बोलेनाशा होतात. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांचा वाद झाला होता तो हाच : आपल्यात मोठा कोण? प्रभूने विचारले तेव्हा ते गप्प राहिले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. निकालानंतर आपणही असेच गप्प राहतो.

संत पौल शर्यतीची उपमा वापरतात. शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस मात्र एकालाच मिळते, हे ते मान्य करतात. परंतु लगेच पुढे ते अशा मुकुटाकडे बोट दाखवतात, जो कोमेजत नाही आणि जो एकाने मिळवला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. जगात दोन प्रकारची धने आहेत. रंगपेटी एकाला दिली की दुसऱ्याला देता येत नाही. पहाटेचा माहुलीचा डोंगर हजारांनी पाहिला तरी कोणाच्या वाट्याला कमी येत नाही. पहिल्या प्रकारच्या धनाची स्पर्धा लावता येते. दुसऱ्या प्रकारच्या धनाची स्पर्धा लावली, की त्याची जातच बदलते. आम्ही त्या आश्रमशाळेत रंगपेट्या वाटल्या असत्या तर आमची चूक लहान ठरली असती. आम्ही संग्रहालयाचे दारच बक्षीस म्हणून मांडले. दहा मुलांना वाटले, आपण ते जिंकले. नव्वद मुलांना वाटले, ते आपले नाही, आपण ते हरलो. जी मुले त्या दिवसापर्यंत संग्रहालयाला केवळ अपरिचित होती, त्यांना आम्ही त्याच्यापासून वंचित केले.

आता त्या चौकाविषयी. 'एकटीनं नाय काढत' याचा अर्थ आम्हांला कळला तो त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात. पुढे एकदा काही कामानिमित्त तेथे गेलो असता भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना आम्ही सहज विचारले. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या घरी सवाशिणी बसतात ना भिंतीशी. एकटी बाई कशी बसल? ते काय कपडे धुवाचं काम हाय?" भिंत शेणामातीने सारवायची, गेरू द्यायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि सवाशिणींनी मिळून चौक काढायचा. चौकाच्या आत पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतून देवांना बोलावणे जाते. चित्राखाली कोणाची सही नसते. पुढे भिंत सारवली की चित्र जाते आणि कोणी हळहळत नाही, कारण पुढच्या लग्नात ते पुन्हा येणारच असते.

म्हणजे त्या दोन मुलींनी नियम मोडला नव्हता. त्यांनी त्यांचा नियम पाळला होता, आणि तो आमच्या नियमाहून जुना होता. 'माझ्या घरचा सण' काढा, असे आम्हीच सांगितले होते. त्या घरी सण जसा होतो तसाच त्यांनी काढला, आणि नेमके त्याच कारणासाठी त्या अपात्र ठरल्या. ज्यांच्या भिंतीवर कला पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या मुलींना कलेची गोडी लावण्यास आम्ही गेलो होतो!

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आदिवासींची कला निनावी, सामूहिक आणि निरपेक्ष असते, असे म्हणत तिच्या पावित्र्याचे गोडवे गाणे सोपे आहे. त्या निनावीपणाचा लाभ पुष्कळदा दुसऱ्यांनीच घेतला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांच्या हातची ही चित्रकला उचलली, लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली आणि तिला स्वतःचे नाव दिले. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्यांना नाव मिळाले हे न्याय्य झाले. नाव मिळाल्याने माणसाला दाम मिळतो, मान मिळतो आणि त्याच्या पाड्याकडे जग वळून पाहते. म्हणून नावे पुसा, क्रमांक पुसा, सगळे समान, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्या मुलींनीही नाव लिहिले होते. दोघींनी आपापले लिहिले होते. त्यांना निनावी राहायचे नव्हते, त्यांना एकटे राहायचे नव्हते. आमच्या नियमात या दोहोंच्या मधली जागाच नव्हती.

परीक्षकाच्या दृष्टीला अशा मर्यादा असतात आणि त्या केवळ आमच्यासारख्या हौशी परीक्षकांना असतात असे नाही. आपल्याच समाजातील अँजेलो द फोन्सेका हे चित्रकार १९०२ साली गोव्यात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे मन रमले नाही. ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. परत येऊन त्यांनी पवित्र मरीयेला साडी नेसवली, आपल्या मातीच्या रंगात रंगवले. गोव्यातील पुष्कळांना ते रुचले नाही. मरीयामाता अशी असते काय, असे विचारले गेले. फोन्सेका पुण्यास आले, तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले आणि १९६७ साली निवर्तले. दरम्यान, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने पवित्र उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात म्हटले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली आपली म्हणून मानलेली नाही आणि सर्व लोकांच्या व सर्व प्रदेशांच्या कलेला तिच्यात मोकळीक असावी. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे आणि लोक तो आदराने पाहतात. एकेकाळी ज्यांना 'अपात्र' म्हटले गेले, तेच आता संग्रहालयात आहेत. आम्ही लाल पेन्सिलीने लिहिलेल्या त्या शेऱ्याची आठवण झाली की फोन्सेकांची आठवण होते. परीक्षकाला चित्र तपासण्याचा अधिकार असतो. परंतु कधी कधी चित्रही परीक्षकाला तपासत असते.

हे झाले कागदाचे. दाराचा प्रश्न अजून उरतोच. मुंबईचे संग्रहालय मुंबईकरांचे, शहापूर-मुरबाडच्या लोकांना ते दाखवणे हा उपकार, अशी एक समजूत नकळत आपल्या मनात असते. ती तपासून पाहिली पाहिजे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेव्हापासून तानशाचे पाणी मुंबई पीत आली आहे. पुढे वैतरणेचे पाणी गेले, भातसेचे गेले. ज्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावे तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहालयाची दारे उघडली, त्या वर्षीही त्या शहराच्या नळाला याच डोंगरांतले पाणी होते. आणि आजही चैत्र-वैशाखात शहापूरच्या कित्येक पाड्यांवरील बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. ज्या शहराला आपण पाणी देतो, त्या शहराच्या संग्रहालयात जाणे आपल्याला बक्षीस म्हणून मिळावे काय? सार्वजनिक संग्रहालयातील वस्तूंचा विश्वस्त असतो, मालक नसतो. विश्वस्ताने वारसदाराला पाहुणा म्हणून बोलावले आणि त्यातही निवडून दहांनाच बोलावले, तर वारसदाराला आपण वारसदार आहोत हे कधी कळणारच नाही.

याबाबतीत दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या काळातील एक प्रसंग आम्हांला नेहमी आठवतो. २६ मार्च २०१५ रोजी रोमच्या रस्त्यांवर राहणाऱ्या सुमारे दीडशे बेघर माणसांना व्हॅटिकनची संग्रहालये आणि सिस्टीन प्रार्थनामंदिर दाखवण्यात आले. पोप महोदय स्वतः तेथे येऊन त्यांना भेटले. हे सर्वांचे घर आहे, तुमचे घर आहे, दार सर्वांसाठी उघडे आहे, अशा आशयाचे ते बोलले. नंतर त्या सर्वांना तेथेच जेवण देण्यात आले. या प्रसंगी कोणी निबंध लिहिला नव्हता, कोणी चित्र काढले नव्हते, कोणी क्रमांक मिळवला नव्हता. मायकेलँजेलोच्या छताखाली उभे राहण्यासाठी त्या माणसांची एकच पात्रता होती : त्यांना घर नव्हते. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते. तो दाखला ऐकताना आपल्यातील परीक्षक नेहमी अस्वस्थ होतो.

कोणी व्यवहारी वाचक म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण गाडीत जागा दहाच असतात आणि मुले शंभर. निवड करावीच लागते. ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती टाळणार नाही. परंतु निवड करण्याचा क्रमांक हा एकच मार्ग आहे काय? यहूदाची जागा भरायची होती तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाचे नाव निघाले. ज्याचे नाव निघाले नाही तो कमी प्रतीचा ठरला नाही. दहा जागांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात, पुढच्या वर्षी उरलेल्यांतून टाकाव्यात आणि पाळी सर्वांची येईल असे ठेवावे. स्पर्धा निराळी घ्यावी, तिला रंगपेट्या आणि पुस्तके द्यावीत. संग्रहालय मात्र बक्षिसाच्या यादीतून काढून टाकावे. जाऊन आलेल्या दहांनी उरलेल्या नव्वदांना काय पाहिले ते सांगावे. संग्रहालयातील वस्तूंचे वर्णन सातवीतील मुलाच्या तोंडून ऐकण्यात जी गोडी आहे, ती माहितीपत्रकात नाही.

आणि दारे केवळ मुंबईतच आहेत असे का मानावे? मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाट चढून गेले की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख तिच्या भिंतींवर कोरलेला आहे. यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे त्यात आहेत आणि ते आपल्या देशातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत गणले जातात. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज पुतळे गेले आहेत, पावले तेवढी राहिली आहेत, आणि वर नावे कोरलेली आहेत. नाणेघाटात नाव उरले आणि आकृती गेली. चौकाच्या भिंतीवर आकृती पुन्हा पुन्हा येते आणि नाव कधीच नसते. या दोन भिंती एकाच डोंगररांगेच्या कुशीत आहेत. एखाद्या शाळेने मुलांना दोन्ही दाखवाव्यात आणि विचारावे, तुम्हांला काय मागे ठेवावेसे वाटते? एवढा मोठा प्रश्न विचारणारे संग्रहालय बांधायला कोणाला खर्च करावा लागणार नाही.

पौष पौर्णिमेला म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजारासाठी ती प्रसिद्ध आहे आणि दूरदूरची माणसे तेथे येतात. संग्रहालयाची बस कोठे उभी करावी असा प्रश्न कोणास पडला, तर आम्ही ती जागा सुचवू. औंधच्या राजाला हे उमगले होते. आणि त्या बसमध्ये जाणाऱ्या आजीला चार प्रश्न विचारून गुण देण्याऐवजी, तिच्याकडूनच काही विचारून घ्यावे : हे भांडे तुमच्याकडे कशासाठी वापरतात? या मूर्तीचा दागिना तुमच्या ओळखीचा आहे काय? ज्या संग्रहालयाला शिकवायचेच असते आणि शिकायचे नसते, तेथे लोक एकदा येतात. ज्याला आपल्याकडून काही हवे आहे असे लोकांना वाटते, तेथे ते पुन्हा येतात. समारंभाचे यश गर्दीच्या आकड्यात मोजणे चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण खरा हिशेब दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मंडप उतरल्यावर, बक्षीस नसताना, हरलेला मुलगा आपणहून पुन्हा त्या दाराशी आला काय, हे पाहावे. तो आला तर स्पर्धा सार्थकी लागली.

आपल्या धर्मग्रामांनाही यातून शिकण्यासारखे आहे. गोठ्यांच्या स्पर्धेत यंदा एक गोठा दोन भांडणाऱ्या आळ्यांनी मिळून करावा, असा नियम घालून पाहावा. परीक्षकांनी दुरून गुण न मांडता करणाऱ्यांजवळ जमिनीवर बसून, हे असे का केले, ते विचारावे. 'अपात्र' हा शब्द परीक्षकांच्या कोशातून काढून टाकावा. बाप्तिस्म्याच्या वेळी तो आपल्यापैकी कोणाला लावला गेला नव्हता.

तो कागद आमच्याजवळ आहे. बाकीची चित्रे शाळेकडे राहिली. हा अपात्र म्हणून बाजूला पडला होता, तो आमच्या फायलीत आला. त्यावरील पांढरा रंग आता थोडा पिवळसर झाला आहे, लाल पेन्सिलीचा शेरा मात्र तसाच आहे. आम्ही तो खोडलेला नाही, कारण तो त्या मुलींविषयी नसून आमच्याविषयी आहे. त्या दोघी शाळा सोडून गेल्या. त्यांपैकी एकीचे लग्न झाले असे मावशींकडून कळले. त्या लग्नाच्या भिंतीवर चौक काढायला दुसरी गेली होती की नाही, हे विचारण्याचे आम्हांला धैर्य झाले नाही.

त्या शाळेतील स्पर्धा पुन्हा भरवावी, असे यंदा काही जणांच्या मनात आहे आणि नियमांचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. पहिले दोन नियम पूर्वीचेच ठेवले आहेत. तिसरा असा लिहिला आहे : एका कागदावर कितीही नावे चालतील.

मुंबईच्या गाडीसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातील. त्यांत दोन चिठ्ठ्या जुन्या विद्यार्थिनींच्या नावाच्या असाव्यात, अशी आमची विनंती आहे.